ताराबाई मोडक आणि बोटांनी शिकायची अक्षरे



जून महिना आला की हर्सूलच्या आपल्या घरांतून पाटी गिरवणे सुरू होते, आणि त्याबरोबर रडणेही. मूल मुळाक्षरे घडाघडा म्हणते, पण त्यातले एकच अक्षर वेगळे काढून दाखवले की गप्प होते. मग ते ‘ढ’ ठरते. अशा वेळी आम्हांला ताराबाई मोडक आठवतात.

१८९२ साली मुंबईत एका प्रार्थनासमाजी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. संसार टिकला नाही. राजकोटला नोकरी करून पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. तेथे इटलीच्या कॅथलिक डॉक्टर मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांच्या हाती आली.

वाळूकागदाचे अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. मूल त्यावरून लिहिण्याच्याच दिशेने दोन बोटे फिरवते आणि त्याच वेळी उच्चार करते. डोळा पाहतो, कान ऐकतो, बोट वळण लक्षात ठेवते. एका वेळी दोन-तीनच अक्षरे, तीही निराळी दिसणारी. घ आणि ध एकत्र नकोत. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून शिकलो की बुद्धीत जे येते ते आधी इंद्रियांतून येते. ते आम्हांला पटले मात्र बालवाडीत! (इंग्रजी माध्यमाच्या पालकांसाठी : ‘एस’ हे नाव आहे, ‘स्’ हा आवाज. शब्द वाचायला आवाज लागतो.)

१९२६ मध्ये ताराबाई व गिजुभाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पण साधने महाग आणि बालमंदिरे शहरांत. म्हणून १९४५ साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ यांची साथ त्यांना मिळाली. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने आली. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही त्यांच्या मागे कुरणात गेली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या वारल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालवले.

घरी वाळूकागद नसेल तर ताटात रवा पसरावा. मुलाचे बोट हाती धरून अक्षर काढावे, आवाज त्याने करावा. पाच मिनिटे पुरेत. ते कंटाळण्याआधी ताट उचलावे.