बाबासाहेबांची दोन दुखणी

जयंतीला आपण बाबासाहेबांचे चरित्र ऐकतो. त्यांच्या दुखण्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. घटनेचे काम हाती होते तेव्हाच त्यांना मधुमेह आणि रक्तदाब जडले होते. पायांत अशा कळा येत की रात्ररात्र डोळा लागत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. इन्सुलिन आणि पथ्य त्या पाहात. साखरेवर निदान इन्सुलिन होते. रक्तदाबावर मोजकीच औषधे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधेचा गुण १९४९ साली जगापुढे मांडला. लघवीवाटे मीठ काढणारी गोळी १९५८ साली निघाली. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

तुमच्या घरी साखरेचा रुग्ण आहे ना? मग त्याचा रक्तदाबही मोजून घ्या. दोन्ही मिळून डोळे, मूत्रपिंडे, हृदय पोखरतात. रक्तदाब बहुधा १३०/८० च्या आत ठेवावा लागतो. लोणचे-पापड कमी करावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये. आज ती सरकारी दवाखान्यातही मिळते.

बाबासाहेबांची दृष्टी मंदावली, आधाराशिवाय चालवेना. त्याच देहाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात लाखोंना दीक्षा दिली. ५ डिसेंबरच्या रात्रीही ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम चालूच होते. सकाळी ते उठले नाहीत.