कारभारी ते न्यायमूर्ती : महादेव गोविंद रानडे

आपल्या शताब्दी अंकात हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचं चरित्र कशाला, असं एखाद्या माउलीला वाटेल. रानडे काही टाळ घेऊन दिंडीत चालणारे वारकरी नव्हते. पण आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या मातीशी त्यांचा संबंध आला, आणि संतांविषयी त्यांनी जे मांडलं ते आपल्या प्रत्येक फडावर माहीत असावं, म्हणून आम्ही हे लिहायला घेतलं.

जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. लहानपण कोल्हापुरात गेलं. पुढे मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकले. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्याच तुकडीत ते होते, १८६६ ला कायद्याची पदवी घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पंचविशीचा हा तरुण अक्कलकोट संस्थानात कारभारी म्हणून आला. स्वामी समर्थ त्या वेळी अक्कलकोटातच होते. कारभारी म्हणजे वसुलीपासून तंट्यापर्यंत सगळं त्याच्या अंगावर. मंगळवेढ्याचे दामाजीपंत कारभारीच होते, आणि दुष्काळात त्यांनी कोठारं उघडली ही कथा आपण कीर्तनात ऐकतोच. रानड्यांचा अक्कलकोटचा काळ मात्र थोडका ठरला. तिथून कोल्हापूरला न्यायाधीश, मग काही वर्षं मुंबईत प्राध्यापकी, आणि १८७१ पासून पुण्यात न्यायखात्याची नोकरी.

पुण्यात सार्वजनिक सभेचं काम त्यांनी पाठीशी राहून चालवलं. १८७६-७७ चा दुष्काळ पडला, तेव्हा सोलापूर भागाची फार वाताहत झाली. सभेची माणसं गावोगावची खबर गोळा करून सरकारपुढे मांडत होती. सरकारी नोकर असून रयतेची बाजू घेतो, हे साहेबाला खुपलं. १८७८ ला नाशिक, १८७९ ला धुळे अशा बदल्या झाल्या. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर तर त्यांच्या टपालावरही नजर ठेवली गेली. रानडे रागावून नोकरी सोडून गेले नाहीत. काहींना हा मवाळपणा वाटला. आम्हाला वाटतं, खुर्चीत टिकून राहिले म्हणूनच पुढचं काम त्यांच्या हातून झालं.

ते काम शेतकऱ्याच्या कर्जाचं. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची खतं ओढून जाळली आणि दंगा पसरला. त्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर, हे चार जिल्हे त्यात आले. तोवर काय चाले, तर सावकारानं खत पुढं करायचं, खाली कुणब्याचा अंगठा, आणि कोर्टानं हुकूम द्यायचा. आत काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. नव्या कायद्यानं न्यायाधीशाला खताच्या मागं जायला लावलं. व्यवहार सुरू कधी झाला, मुद्दल खरं किती, व्याजाचं व्याज किती चढवलं, हे सगळं उकरून हिशेब करायचा आणि झेपेल असे हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणंही बंद झालं.

कायदा कागदावर चांगला असून भागत नाही, खालच्या कोर्टानं तो पाळायला हवा. ते तपासायला खास न्यायाधीश असे. रानड्यांनी आधी त्याच्या हाताखाली काम केलं आणि १८८७ पासून १८९३ पर्यंत स्वतः ती जागा सांभाळली. चारही जिल्ह्यांतून फिरायचं, निवाडे तपासायचे, चुकलेले दुरुस्त करायचे. फिरतीवर पुष्कळदा पत्नी रमाबाई सोबत असत. सावकारी त्यानं मिटली नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलंच आहे. पण खताच्या आत डोकावणारा कुणी आहे, एवढा आधार गरिबाला मिळाला. १८९३ साली न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टावर गेले.

एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे १८७३ ला पहिली पत्नी गेल्यावर स्वतः मात्र वडिलांच्या हट्टापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी त्यांना बोल लावला, तो योग्यच होता. त्याच मुलीला त्यांनी घरच्यांचा विरोध सोसून शिकवलं. त्याच पुढे सेवासदनच्या रमाबाई रानडे झाल्या.

ते प्रार्थना समाजाचे. समाज मूर्तिपूजा मानत नसे, आणि आपल्याला तर विटेवरच्या सावळ्याशिवाय चैन पडत नाही. तरी त्या मंडळींचं आपल्या पंढरीवर ऋण आहे. पंढरपुरात टाकून दिलेल्या तान्ह्या लेकरांसाठी १८७५ साली आश्रम निघाला, तो तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं, आणि समाजानं तो सांभाळला.

रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात संतांवर एक सबंध प्रकरण आहे. शिवरायांच्या आधी रान कुणी तयार केलं, तर नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, चोखामेळा, जनाबाई, कान्होपात्रा यांनी, असं ते सांगतात. जातीचा ताठा संतांनी सैल केला, बायाबापड्यांना मान दिला, देवाची गोष्ट मराठीत आणली, म्हणून लोक एक झाले. आपण ज्याला भजन म्हणतो, त्याला त्यांनी राज्य उभं करणारं बळ म्हटलं.

१६ जानेवारी १९०१ ला मुंबईत ते गेले, तेव्हा साठीही झाली नव्हती. रमाबाईंनी पुढे आठवणी लिहिल्या. पहाटे जाग आली की हे हायकोर्टाचे न्यायमूर्ती तुकोबांचे अभंग म्हणत बसायचे, टाळ्या नि चुटक्या वाजवत, हे त्यांच्यामुळेच आपल्याला ठाऊक झालं.