निवृत्ती ५६व्या वर्षी, विद्यापीठ ५८व्या वर्षी! महर्षी कर्वेंच्या निवृत्तीनंतर नेमकं काय घडलं?

माळशिरस : दरवर्षी ३१ मे आला की माळशिरस, अकलूज, नातेपुते भागातले कितीतरी गुरुजी आणि बाई एकाच दिवशी निवृत्त होतात. शाळेत नाव घालताना जन्मतारीख सरसकट १ जून लावण्याची जुनी पद्धत याला कारण आहे. शाल, श्रीफळ, फोटो होतात. वय ५८. आता पुढे काय, हे सत्कारात कुणी विचारत नाही.

नेमक्या याच वयात एका निवृत्त गणित शिक्षकाने महिलांचं विद्यापीठ काढलं. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे. ते १०४ वर्षं जगले.

कर्वे मुळात उशिराचेच गडी. जन्म १८ एप्रिल १८५८, गाव मुरूड, जिल्हा रत्नागिरी. सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, तर वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मॅट्रिक झाले तेव्हा २३ वर्षांचे होते. १८९१ मध्ये पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. त्याच वर्षी पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. गावाने बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू झाला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. कॉलेज संपलं की कर्वे पुण्याहून हिंगण्याला चालत जात.

निवृत्तीनंतरची ४८ वर्षं

१९१४ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी आत्मचरित्र लिहून छापलं. साधारणपणे माणूस इथे थांबतो. कर्वेंच्या हाती मात्र जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली आणि १९१६ मध्ये हिंगण्यात तसंच विद्यापीठ उभं राहिलं. विद्यार्थिनी मोजक्या, सरकारी मान्यता नाही, पैसा नाही. झोळी घेऊन गावोगाव फिरणं हेच काम. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं, तेच आजचं एसएनडीटी. कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. तेव्हा कर्वे ९३ वर्षांचे होते.

मधल्या काळात, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. लगेच आफ्रिकेचा दौरा, तोही निधीसाठीच.

आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचं काम १९३६ चं. जिथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा चालवण्यासाठी ७८व्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं आणि पुण्यात पायी फिरून वर्गणी गोळा केली. ८६व्या वर्षी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला.

हे सगळं एकट्याच्या जिवावर झालं नाही, हेही सांगायला हवं. बाया कर्वेंनी ओढगस्तीचा संसार सांभाळला, शिवाय संस्थांसाठी स्वतः निधी गोळा केला. १९५० मध्ये त्या गेल्या. १९५३ मध्ये संततिनियमनाचे पुरस्कर्ते असलेले थोरले चिरंजीव रघुनाथराव गेले. कर्वेंनी दोघांचाही वियोग सोसला.

कामामुळे आयुष्य वाढतं का?

कर्वेंकडे बोट दाखवून हो म्हणणं सोपं आहे. पण इंजिनिअरिंगच्या भाषेत हे सॅम्पल एकाचं आहे. आणखी एक अडचण म्हणजे ज्यांची तब्येत मुळातच ठणठणीत असते तेच उतारवयात काम करत राहतात. मग कामाने तब्येत टिकली की तब्येतीमुळे काम टिकलं?

अभ्यासांचे निष्कर्षही एका दिशेचे नाहीत. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात निवृत्तीनंतर शब्दांची स्मरणशक्ती जास्त वेगाने उतरताना दिसली. उलट फ्रान्समधल्या वीज आणि गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्यांत निवृत्तीनंतर थकवा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. म्हणजे नोकरी कशी होती, यावर बरंच ठरतं. आपल्याकडे मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांची ‘लासी’ पाहणी केली. त्याच लोकांकडे पुन्हा पुन्हा जाऊन ही माहिती घ्यायची आहे, त्यामुळे भारतापुरतं उत्तर त्यातून हळूहळू मिळेल.

उसाच्या फडात साठीनंतरही कोयता चालवणाऱ्याला मात्र ‘काम करत राहा’ हा सल्ला द्यायची गरज नाही. त्याला निवृत्तीची तारीखच नसते. कर्वेंना कॉलेजची नोकरी सोडता आली, पुढचं काम स्वतः निवडता आलं. हा फरक मोठा आहे.

१९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं आणि हयातीतच त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी १ मे रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या होत्या.