दारावरची घंटा : रुडयार्ड किपलिंग यांचे घर

मोगलीची गोष्ट ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. ती ज्या सिवनीच्या अरण्यात घडते ते आम्हां मध्यप्रदेशीयांचे, आणि तिचे लेखक रुडयार्ड किपलिंग जन्माने मुंबईकर. आईबाप आणि लांडगे यांच्यामध्ये घर शोधणारा तो मुलगा त्यांना कोठून सुचला असेल, हे त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे उमगते.

किपलिंग यांचे दोन्ही आजोबा मेथॉडिस्ट पाळक होते. वडील मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत. ३० डिसेंबर १८६५ रोजी रुडयार्डचा जन्म झाला. गोव्याची आया आणि हिंदू गडी यांच्या अंगाखांद्यावर तो वाढला व त्यांचीच भाषा आधी बोलू लागला. परंतु हिंदुस्थानातील इंग्रज मुलांना लहानपणीच विलायतेस धाडण्याचा त्या काळी रिवाज होता. १८७१ साली पाच वर्षांचा रुडयार्ड आणि तीन वर्षांची बहीण यांना साउथसी गावी, वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून शोधलेल्या एका कुटुंबात पैसे देऊन ठेवण्यात आले. आपण येथे राहणार, हेही मुलांना कोणी सांगितले नव्हते.

त्या घरची बाई मोठी धार्मिक! पण तिचा धर्म नरकाच्या धाकाचा होता. मार, कोंडून ठेवणे, पाठीवर ‘खोटारडा’ अशी पाटी लावून शाळेत पाठवणे, हे सारे त्या पोराने जवळजवळ सहा वर्षे सोसले. वर्षातून एक महिना मात्र तो लंडनला मावशीकडे जाई. तिच्या दाराची घंटा ओढली की त्याचे दुःख सरे. १८७७ साली आई परत आली तेव्हा त्याची सुटका झाली.

१९०२ साली किपलिंग यांनी ससेक्स परगण्यात ‘बेटमन्स’ हे १६३४ सालचे दगडी घर घेतले. गिरणीच्या ओढ्यावर यंत्र बसवून त्यांनी घरात वीज आणली. आणि मावशीचे घर मोडले तेव्हा त्या घंटेची लोखंडी मूठ मागून घेऊन ती आपल्या दाराला लावली. दुसऱ्या मुलांनाही ती ओढताना तसाच आनंद व्हावा म्हणून. घरासमोरच्या टेकडीवरून त्यांना ‘पक ऑफ पूक्स हिल’ (१९०६) सुचले. त्यात पक नावाचा वनदेव दोन मुलांना त्या मातीतले जुने लोक भेटवतो. ती मुले म्हणजे त्यांचीच एल्सी व जॉन. थोरली जोसेफिन १८९९ सालीच, सहा वर्षांची असताना वारली होती.

पुढे महायुद्ध आले. जॉनची दृष्टी अधू, म्हणून सैन्याने त्याला नाकारले होते. वडिलांनी शब्द टाकून त्याला भरती करविले. सप्टेंबर १९१५ मध्ये, अठरा वर्षे पुरी होऊन जेमतेम दीड महिना झाला असता, तो लूसच्या लढाईत पडला. किपलिंग यांच्या हयातीत त्याचे शव ओळखता आले नाही. १९१७ पासून ते युद्धातील मृतांच्या थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे काम करीत राहिले. १८ जानेवारी १९३६ रोजी ते निवर्तले. बेटमन्स पत्नीच्या मृत्युपत्राने राष्ट्रीय न्यासाकडे गेले.

किपलिंग यांचा साम्राज्याभिमान आम्हांला मान्य होणे शक्य नाही. त्याच अभिमानाने त्यांच्या मुलाचाही बळी घेतला. पण साउथसीचे घर आम्हां ख्रिस्ती जनांना अधिक टोचावे. आमच्या फ्रीगंजात बाहेरगावची किती तरी मुले शिक्षणासाठी परक्या घरी राहतात. त्या मुलांना आपले दार कसे वाटते? प्रार्थना दोन्ही घरांत होत असेल. मूल मात्र एकाच घराची घंटा आयुष्यभर जपून ठेवते.