न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला

राष्ट्रपतींचे निधन झाले, तर त्यांचे काम उपराष्ट्रपती पाहतात, हे तुम्ही नागरिकशास्त्रात वाचले असेल. पण उपराष्ट्रपतींनीही राजीनामा दिला तर?

१९६९ साली नेमके असेच घडले. ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्यांचे काम पाहू लागले; पण त्यांना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. म्हणून २० जुलै रोजी त्यांनी आपले पद सोडले. अशा वेळी काय करावे, हे ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ७० व्या कलमाने संसदेला दिला आहे. संसदेने मे महिन्यातच तसा कायदा केला होता. त्यानुसार सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे काम हाती घेतले. ते सरन्यायाधीश म्हणजे महंमद हिदायतुल्ला.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी झाला. त्यांचे वडील विलायतुल्ला उर्दूत कविता लिहीत. रायपूरला शाळा आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात बी. ए. झाल्यावर ते केंब्रिजला गेले आणि १९३० साली बॅरिस्टर होऊन परतले. नागपुरात त्यांनी वकिली केली, तिथल्या कायद्याच्या महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवलेही. १९४६ साली ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ साली सरन्यायाधीश झाले.

कायद्याच्या अभ्यासात दोन विषय एकमेकांना लागून येतात. संसद, सरकार आणि न्यायालय यांचे अधिकार कोणते, हे घटनात्मक कायदा सांगतो. सरकार आणि त्याचे अधिकारी ते अधिकार कसे वापरतात, हे प्रशासकीय कायदा तपासतो. पुस्तकात हे कोरडे वाटते. हिदायतुल्लांच्या आयुष्यात मात्र ते प्रश्न प्रत्यक्ष समोर येऊन उभे राहिले.

गिरी यांनी पद सोडण्याच्या आदल्याच दिवशी चौदा मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात घेण्याचा वटहुकूम निघाला होता. ऑगस्टमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्यावर राष्ट्रपतींची संमती हवी होती. ती हिदायतुल्लांनी दिली. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन राष्ट्रपती झाले आणि हिदायतुल्ला न्यायालयात परतले. पुढे त्याच कायद्याविरुद्धचा खटला तिथे आला! अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले, पण सरन्यायाधीश त्यात नव्हते. ज्या कायद्यावर आपली सही आहे, त्याचा निवाडा आपणच कसा करायचा? फेब्रुवारी १९७० मध्ये त्या पीठाने तो कायदा रद्द ठरवला.

त्याच वर्षी दुसरा पेच आला. जुन्या संस्थानिकांना सरकारकडून दरवर्षी तनखा मिळे. स्वतंत्र देशात राजेरजवाड्यांना पैसे कशाला, असे पुष्कळांना वाटे, आणि ते चुकीचे नव्हते. तनखे बंद करणारे घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत मात्र दोन-तृतीयांश मतांना एकच मत कमी पडले. तेव्हा सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. जे संसदेत जमले नाही, ते एका आदेशाने करता येते का? १५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बेकायदा ठरवला. हिदायतुल्ला बहुमताच्या बाजूने होते. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले.

१९७१ साली संसदेने रीतसर घटनादुरुस्ती केली आणि तनखे बंद झाले.

१९७९ ते १९८४ या काळात हिदायतुल्ला भारताचे उपराष्ट्रपती होते. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे सभापती असतात. म्हणजे जिथे ते विधेयक एका मतासाठी अडले होते, त्याच सभागृहाचे कामकाज त्यांनी पाच वर्षे चालवले. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.