एक्सप्लेनर : देवळालीच्या शिक्षकाची १७ अंकी संख्या, कोण होते गणितज्ञ कापरेकर?

भंडारा : रस्त्यावरच्या कोणत्याही एमएच-३६ गाडीच्या नंबरप्लेटवरचे चार अंक घ्या. चारही सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा आणि हीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. हाच कापरेकर स्थिरांक. तो शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर प्राध्यापक नव्हते, शाळेत शिकवत होते.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाची आवड होती. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ ला बीएस्सी झाले. त्यापुढची पदवी घेतली नाही. १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकाची नोकरी केली.

१७ अंकी संख्येत विशेष काय?

नऊ वेळा १ लिहून झालेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. उलटसुलट कसाही वाचा, सारखाच. कारण सोपे आहे. गुणाकारात एककांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. त्यामुळे स्तंभांची बेरीज १ पासून ९ पर्यंत चढते आणि परत उतरते. दहा वेळा १ घेतला की मधल्या स्तंभात १० होतात, हातचा येतो आणि नक्षी मोडते.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले.

१, १२१, १२३२१ या मालिकेला ते डेम्लो संख्या म्हणत. जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी यावर शोधनिबंधही लिहिला.

दखल कधी घेतली गेली?

६१७४ चा शोध १९४६ चा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. मात्र देशातील अनेक गणितज्ञांना हे काम करमणुकीचे वाटले. मोठ्या नियतकालिकांत फारसे स्थान मिळाले नाही, तेव्हा कापरेकरांनी छोट्या पुस्तिका स्वतःच छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नव्हती. गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन त्यांनी घर चालवले.

१९७५ मध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि जगभर नाव पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

आजही कापरेकरांचे बरेचसे गणित पडताळायला वही-पेन्सिल पुरते. सुरुवात त्यांच्याच जन्मवर्षापासून करता येईल. १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४.