दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५ – १९८६) हे संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणारे भारतीय गणितज्ञ होते. त्यांची नोकरी नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षकाची होती. ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

जीवन

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली. वडील कारकून होते. त्यांच्या फलज्योतिषाच्या आवडीतून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शिकवीत होते. निवृत्तिवेतन पुरेसे नसल्याने पुढे त्यांना खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या.

६१७४

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी; मात्र तिचे सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते व पुढे तेच येत राहते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० – ०१५९ = ९३५१; पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. योगायोगाने येथे सातही वजाबाक्या लागतात.

हे समजण्यास शालेय बीजगणित पुरते. उतरत्या क्रमातील अंक क, ख, ग, घ मानल्यास,

(१०००क + १००ख + १०ग + घ) – (१०००घ + १००ग + १०ख + क) = ९९९(क – घ) + ९०(ख – ग).

म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते आणि ते नेहमी ९ ने विभाज्य असते. क – घ हा फरक १ ते ९ आणि ख – ग हा शून्यापासून क – घ पर्यंत असू शकतो. त्यामुळे पहिल्या वजाबाकीची उत्तरे फक्त ५४ संभवतात. ती एकेक तपासली की सिद्धता पूर्ण होते. फरक ६ व २ असता ५९९४ + १८० = ६१७४; याच संख्येचे अंक ७, ६, ४, १ पुन्हा तेच फरक देतात.

मान्यता आणि इतर संख्या

अशा शोधांना अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी करमणुकीपलीकडे किंमत दिली नाही. ते मत एकांगी होते. १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तरीत होते.

ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग मिळवल्यास मूळ संख्या मिळते, ती 'कापरेकर संख्या'. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, जसे २०, ती 'स्वयंभू'. या स्वयंभू संख्यांना त्यांनी 'देवळाली संख्या' असेही नाव दिले होते.